गमरे सरांचा चुकीचा साप

गमरे सरांना कुणी पहिल्यांदा भेटलं की ते नमस्कार करायच्या आधी त्या माणसाच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळायचे. मग म्हणायचे, "टेरिकॉट. धुतल्यावर आटलंय." आणि मग नमस्कार. माझ्या सख्ख्या भाच्याच्या लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन नवरदेवाची शेरवानी अशीच चोळून पाहिली. अक्षता टाकायला वर केलेला हात तसाच ठेवून ते त्याला म्हणाले, "अस्तर वेगळ्या ताग्यातलं आहे, फसवलंय तुम्हाला." नवरदेव बिचारा फोटोत अजून काळजीत दिसतो.

आम्ही भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर राहायला आलो तेव्हा समोरच्या दारावर पाटी होती, 'शां. र. गमरे, बी.ए. (इतिहास)'. कंसातला इतिहास महत्त्वाचा, कारण पुढची दहा वर्षं तो आम्हाला जिन्यात, गच्चीवर, टँकरच्या रांगेत, जिथे सापडू तिथे मिळत गेला. सर मूळचे खेडच्या बाजूचे. परळच्या एका शाळेत रजेच्या जागेवर दोन वर्षं शिकवलं, जागा कायम झाली नाही. नोकरी गेली पण 'सर' राहिलं. मग ते आमच्या मागच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका एक्स्पोर्टच्या गाळ्यात लागले. माल नीट झालाय की नाही ते तपासून सही करायची, हे त्यांचं काम.

आणि माल काय, तर झेंडे. तुम्ही म्हणाल थट्टा करते. नाही हो. अमेरिकेत म्हणे हौशी लोक असतात, जुने पोशाख घालून जुन्या लढाया पुन्हा लढतात, खोट्या बंदुकांनी. त्यांना त्या काळचे झेंडे लागतात. ते झेंडे आमच्या भाईंदरात छापले जायचे, एका बाजूला मिठागरं आणि दुसऱ्या बाजूला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना यांच्या मधल्या गाळ्यात. तिकडची पार्टी प्रत्येक झेंड्याबरोबर त्याची माहिती पाठवायची. बाकीचे ती बाजूला टाकायचे. सरांनी ती पाठ केली. रजेच्या जागेवरच्या मास्तराला शेवटी एक कायमचा विषय मिळाला.

"वहिनी, मिलिशिया म्हणजे काय माहितीये?" मी दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होते. मी म्हटलं, "नाही, आणि दूध नासेल." तरी त्यांनी सांगितलंच. मिलिशिया म्हणजे पगारी सैन्य नव्हे. शेतकरी, लोहार, खाटीक, गावचीच माणसं. हाक आली की घरातली बंदूक उचलायची नि निघायचं. इंग्रजांच्या राजाविरुद्ध अमेरिका उठली ती अशा लोकांच्या जोरावर. तेव्हा त्यांना देशही नव्हता, मग देशाचा झेंडा कुठला? म्हणून प्रत्येक गावाने आपापला केला. कुणी पलंगपोसाचा, कुणी बायकोच्या परकराचा. कुणी पाइनचं झाड काढलं, म्हणजे आता दाद फक्त देवाकडे. कुणी ढगातून आलेला एक हात काढला, त्यात तलवार. कुणी निळ्यावर चंद्रकोर.

"देश व्हायच्या आधी झेंडे होते, वहिनी. गावागणिक एक."

"आणि शत्रू घाबरायचा?"

"छे. झेंडा शत्रूसाठी नसतोच. बंदुकांचा धूर झाला की काही दिसत नाही. तेव्हा आपल्या माणसाला कळलं पाहिजे, कुठे येऊन उभं राहायचं."

दूध नासलंच. पण हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

झेंड्याच्या बाबतीत चूक म्हणून त्यांना सहन व्हायची नाही. पंधरा ऑगस्टला सोसायटीचं झेंडावंदन असायचं, तर आदल्या आठवड्यात सर सगळ्या कमिटीची तालीम घ्यायचे. खरा झेंडा तालमीला वापरायचा नाही, म्हणून दोरीला त्यांचा लाल चौकड्यांचा पंचा बांधलेला. आमचे सेक्रेटरी मेहताभाई दोरी ओढायचे, पंचा वर जाऊन उलगडायचा, आणि सर म्हणायचे, "गाठ चुकली. पुन्हा." एकदा पाचव्या खेपेला मेहताभाई इतके गोंधळले की त्यांनी पंच्याला कडक सलाम ठोकला. "अरे सर, तुमी पण ना," ते म्हणाले, "माझा नाश्ता राहिला." पण खऱ्या दिवशी आमचा झेंडा पहिल्या झटक्यात उलगडायचा. शेजारच्या बिल्डिंगचा अर्धा तास बोचक्यासारखा वर अडकलेला असायचा आणि मेहताभाई तिकडे बघून मिशीत हसायचे.

या सगळ्या झेंड्यांत सरांचा जीव एकावर. पिवळंधमक कापड, त्यावर वेटोळं घालून बसलेला साप, आणि खाली इंग्रजीत चार शब्द, की माझ्यावर पाय देऊ नका. हा साप आपल्याकडचा नाही. याच्या शेपटीला खुळखुळा असतो. पार्टीने पसंत केलेला पहिला नमुना सरांनी काचेच्या फ्रेममध्ये घालून हॉलमध्ये लावलेला. एका भिंतीवर बुद्धाची तसबीर, समोरच्या भिंतीवर साप. देव्हारा नव्हता. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते, आणि त्यावर सरांचं म्हणणं असं की एकदा सोडलेलं माणूस परत मागत नाही.

मी एकदा विचारलं होतं, एवढ्या झेंड्यांत हाच का. मला वाटलं आता तास भरणार. पण सर म्हणाले, "हा साप आधी चावत नाही. आधी शेपूट वाजवून सांगतो, की बाबा, मी इथे आहे, बघून चाल. आमच्या गावात पाणंद होती. समोरून कुणी मोठा माणूस आला की माझा बाप बाजूला सरकायचा, चिखलात उभा राहायचा, तो जाईपर्यंत. जन्मभर सरकला. त्याला हे चार शब्द कुणी शिकवले असते तर बरं झालं असतं."

मी चहा टाकायला आत गेले.

त्यांची बायको विमल. पोस्टात होती. कमी बोलायची, पण जे बोलायची त्याला पोस्टाचा शिक्का असायचा. परळची चाळ सोडायला ती तयार नव्हती. भाईंदर म्हणजे तिला काळं पाणी. सरांनी तिला बिल्डरचा रंगीत कागद दाखवला, त्यात बिल्डिंगसमोर बाग, बागेत कारंजं. विमल म्हणाली, "कारंजं नको. खिडकी उघडली की भिंत दिसता कामा नये, एवढं सांभाळा. चाळीत वीस वर्षं मी समोरच्याची मोरी बघितलीय." सरांनी शब्द दिला. बाग काही झाली नाही. पण जागा मोकळी होती. खडी, झुडपं, मुलांचं क्रिकेट, आमचे पापड. आणि कोपऱ्यात शेजारच्या गोडदेव गावच्या हौसाबाई भाजी घेऊन बसायच्या. ही सगळी जमीन पूर्वी त्यांच्याच घरची. बिल्डिंगी उठल्या, त्या उरलेल्या तुकड्यात मुळा-माठ लावून आम्हालाच विकायच्या, आणि भावात घासाघीस केली की म्हणायच्या, "माजे शेतान ऱ्हाता न माजेशीच भाव करता?"

आता त्या चुकीच्या सापाचं सांगते.

एका उन्हाळ्यात सर आठ दिवस गावी गेले. तेवढ्यात गाळ्यावर सापाच्या झेंड्याची मोठी ऑर्डर छापायला घेतली. छपाईची स्क्रीन तयार करायला नेहमीचा माणूस नव्हता, म्हणून शेठने एक पेंटर पकडून आणला. या पेंटरने जन्मभर रिक्षांच्या मागे शंकर आणि ट्रकांच्या मागे नाग रंगवलेले. त्याने अमेरिकेचं चित्र पाहिलं आणि त्याला दया आली. म्हणाला, "ये साँप है की रस्सी?" आणि त्याने त्या सापाला फणा काढून दिला. चांगला भरघोस फणा, त्यावर दहाचा आकडा, जीभ बाहेर. मनापासून केलेलं काम होतं. सर गावाहून आले तर गाळाभर दोऱ्यांवर पिवळे नाग वाळत होते.

सरांनी सही करायला नकार दिला. शेठ म्हणाला, "अरे सर, साँप तो साँप है. उलटा अच्छा दिखता है." सर म्हणाले, "शेठ, त्या देशात फणेवाला सापच नाही." शेठ म्हणाला, "तो उनको बोलो, नया निकला." सर हलेनात. मुंबईतला पार्टीचा एजंट फक्त गमऱ्यांची सही ओळखायचा, त्यामुळे शेठचा इलाज नव्हता. सगळा माल पुन्हा छापावा लागला. शेठ इतका चिडला की त्याने रद्द झालेला सगळा गठ्ठा टेम्पोत घालून सरांच्या दारात आणून टाकला. निरोप पाठवला, "ये सब नाग घर में रखो और पूजा करो इनकी."

सरांना तो गठ्ठा जाळायचा होता. विमल म्हणाली, "सुती कापड आहे. जाळायला काय झालं?" आणि तिने त्यातलं बरंचसं बिल्डिंगभर वाटून टाकलं, उरलेलं बांधून ठेवलं. आठवड्याभरात आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे नाग. मेहताभाईंच्या स्कूटरवर नाग. पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली नाग. तळमजल्यावरच्या बाईंनी बाळाची दुपटी शिवली, बाळ फण्यावर मुतायचं. मी दोन उशांचे अभ्रे केले. आमचे हे म्हणायचे, मान वळवली की कुणीतरी बघतंय असं वाटतं.

सरांची मात्र दशा. कुणाच्याही घरी गेले की समोर चूक. माझ्या अभ्र्याकडे बघून कळवळून म्हणायचे, "वहिनी, हा चुकीचा साप आहे." मी म्हणायचे, "झोप बरोबर लागते, सर." त्यांना हे विनोदी वाटायचं नाही. एकदा त्यांनी माझ्याकडे निळं पेन मागितलं आणि उशीवरच फणा खोडून दाखवला, मूळ साप कसा असतो ते. तो डाग शेवटपर्यंत गेला नाही.

मग एका पावसाळ्यात बातमी आली की बिल्डर समोरच्या मोकळ्या जागेवर अजून एक विंग उठवतोय. सात मजले. म्हणजे आमच्या खिडक्यांपासून एका हातावर भिंत. मी विमलकडे गेले तर ती खिडकीत उभी होती. नवऱ्याला काही बोलली नव्हती, आणि सरांना तेच जास्त लागलं होतं. ते मला म्हणाले, "भांडली असती तर बरं झालं असतं, वहिनी. शब्द मी दिला होता."

गच्चीवर मीटिंग झाली. नगरपालिकेत अर्ज द्यायचा, वकील करायचा, मोर्चा काढायचा, सगळं बोलून झालं. सर उभे राहिले. "अर्ज देऊच. पण तोवर जागेवर आपला झेंडा पाहिजे." लगेच प्रत्येकाला आपापल्या पक्षाचा झेंडा सुचला. मेहताभाई म्हणाले, "बिल्डर तर सगळ्याच पार्टीला डोनेशन देते." हे खरं होतं. म्हणून ज्याचा कुणीच मालक नाही असा झेंडा हवा होता, आणि असा एकच होता.

सरांनी काचेची फ्रेम उघडली. चुकीच्या सापांचा ढीग घरात असताना त्यांनी आपला एकुलता एक खरा नमुना काढला, इस्त्री केली, बांबूला बांधला, आणि रविवारी सकाळी त्या जागेच्या मधोमध रोवला. बिल्डरचा कंत्राटदार माप घ्यायला आला होता. त्याला धरून सरांनी तासभर सगळा इतिहास सांगितला. पाइनचं झाड, ढगातला हात, परकराचे झेंडे, काही सोडलं नाही. कंत्राटदार ऐकत होता. आमच्याकडे भांडायला माणसं तयार होती, पण त्याला कुणीतरी असं शिकवायला घेईल असं त्याच्या ध्यानीमनी नसावं.

सोमवारी सर कामावर गेले आणि कंत्राटदाराची माणसं आली. झेंडा बघून हसली. "ये क्या केंचुआ लटकाया है?" गांडूळ म्हणाले त्याला. बांबू उपटला, आणि त्या झेंड्याने मिक्सर मशीनचं ग्रीस पुसून तो तिथेच टाकला. मंगळवारपासून खोदणार, असं वॉचमनला सांगून गेली.

संध्याकाळी सर तो झेंडा घेऊन मोरीत बसले होते. बादली, साबण, घासणी. मी दारातूनच बघितलं. घासत होते. काळा डाग पसरून सापाच्या अंगभर झाला होता. मला फार वाईट वाटलं. आपण ज्याला हसत असतो त्याचं खरंच काही मोडलं की मग आपल्याला तोंड कुठे लपवावं कळत नाही.

विमल माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "परब वहिनी, स्टूल धरायला या."

तिच्या हातात गठ्ठ्यातला फणेवाला झेंडा होता. आम्ही दोघी खाली गेलो, तोच बांबू पुन्हा रोवला. मी म्हटलं, "सरांना कळलं तर?" ती गाठ मारत म्हणाली, "यांचा साप शहाणा असेल. पण आपल्या लोकांना तो साप वाटत नाही, त्याला मी काय करू?"

आता दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती हे मला माहीत होतं, विमलला सुट्ट्यांच्या तक्त्यामुळे माहीत असणारच. तिने मुद्दाम केलं का, हे मी तिला पुढे कैकदा विचारलं. तिने एकदाही उत्तर दिलं नाही.

सकाळी मी गॅलरीत आले तर खाली गोडदेवच्या बायकांची रांग. नऊवारी, हातात ताटं, लाह्या, दूध, हळदीकुंकू. पुढे हौसाबाई. बांबूच्या बुडाशी मातीचा ढीग होता त्यावर दूध घालून झालं होतं. सर टॉवेल गुंडाळून, तोंडाला पेस्टचा फेस, तसेच खाली धावले. मागून आम्ही.

"अहो हौसाबाई, काय करताय? तो देव नाही. अमेरिकेचा झेंडा आहे तो. आणि तोही चुकीचा."

हौसाबाईंनी शांतपणे त्यांच्याकडे पाहिलं. "हतंच व्हता आमचा वारूल. माजी सासू पुजाची. तुमचे बिल्डरनी बिल्डिंग बांदली तवा मोडला. इतकी वरसं आमाला पुजाला जागा न्हाय. आज पंचमीचे दिवशी देव आपले जागेव परत आला, न तुमी बोलता देव न्हाय?"

"पण त्याला मुळात फणाच नव्हता..."

"हाय ना. बगा. ह्यो काय."

सरांनी वर पाहिलं. फणा होता, आणि चांगला भरघोस होता.

तेवढ्यात धडधडत बुलडोझर आला. मागून कंत्राटदार मोटारसायकलवर. बायका जागच्या हलल्या नाहीत. हौसाबाई पुढे होऊन म्हणाल्या, "आज पंचमी. आज जमीन खनत न्हाय. नांगरपन धरत न्हाय. मशीन फिरव मागं." ड्रायव्हरने बुलडोझर थांबवला. उत्तरेकडचा माणूस होता, पुढच्या काचेला त्याने स्वतःच सकाळी हार घातलेला. त्याने झेंडा पाहिला, खालचं दूध पाहिलं, लाह्या पाहिल्या.

"चल चल, कपड़ा है," कंत्राटदार ओरडला.

"कपड़ा है तो आप उतारो," ड्रायव्हर म्हणाला.

कंत्राटदार दोन पावलं पुढे गेला. एवढ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. तो दोन पावलं मागे आला. मग त्याला सर दिसले आणि त्याचा चेहरा उजळला.

"सर, आप ही का है ना ये? परसों घंटा भर समझाया मेरे को. आप पढ़े-लिखे हो. बोलो इनको, ये भगवान नहीं है."

सगळे सरांकडे बघायला लागले. मी तुम्हाला सांगते, मला वाटलं, आता सगळं फिसकटणार. कारण या माणसाला मी ओळखत होते. लग्नाच्या स्टेजवर जो गप्प बसला नाही, शेठचा सगळा माल ज्याने रद्द केला, उशीवर ज्याने पेनाने खोडलं, तो आता गप्प बसेल? आणि विचारलंय तेही नेमकं झेंड्याबद्दल. मेहताभाईंनी डोळे मिटून घेतले. विमल नवऱ्याकडे बघतच नव्हती. ती मान वर करून आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघत होती.

सरांनी टॉवेलने तोंडाचा फेस पुसला. घसा खाकरला.

"हे बघा," ते म्हणाले, "मुळात या सापाला..."

आणि थांबले. त्यांचीही नजर त्या खिडकीकडे गेली. त्यांच्या कपाळावरची शीर मला तिथून दिसत होती.

बुलडोझरवरून ड्रायव्हरने विचारलं, "साब, नीचे अंग्रेजी में क्या लिखा है?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग झेंड्याकडे. मग अगदी सावकाश, वर्गात वाचून दाखवावं तसं म्हणाले, "लिखा है, मुझ पर पैर मत रखो."

"कौन बोल रहा है?"

"साप."

"साँप खुद बोल रहा है?"

"हो," सर म्हणाले. "दोनशे वर्षं झाली. तोच बोलतोय."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. खाली उतरला, चपला काढल्या, आणि लांबूनच हात जोडले. कंत्राटदाराने त्याला दोन शिव्या दिल्या, पण त्या देताना आवाज खाली आणला होता आणि स्वतःचा डावा बूट तो हळूच काढत होता.

त्या दिवशी सर कामावर गेले नाहीत. कपाळावर ओला पंचा ठेवून पडून होते. मी घावन घेऊन गेले तर मला म्हणाले, "वहिनी, मी खोटं बोललो का?"

"नाही हो. लिहिलंय तेच वाचलंत."

"मग खरं बोललो?"

मी विमलकडे पाहिलं. ती म्हणाली, "खिडकीतून वारा येतोय. उठा, जेवा."

ती विंग काही उठली नाही. कंत्राटदाराच्या माणसांनी नंतर त्या जागेला हात लावायला साफ नकार दिला. महिनाभराने बिल्डर स्वतः नारळ घेऊन आला, आणि बांबूभोवती फरश्यांचा एक चौथरा बांधून त्यावर स्वतःच्या आईच्या नावाची पाटी लावून गेला. मुलांचं क्रिकेट चालू राहिलं. चौथऱ्याला चेंडू लागला की आउट, असा नियम झाला.

सर दर नागपंचमीला खाली जायचे. पूजेला नव्हे. बायका जमल्या की त्यांना खरा इतिहास सांगायचे. मिलिशिया, परकराचे झेंडे, खुळखुळा, पेंटरची चूक, सगळं. त्या दिवशी गप्प बसलो त्याचं हप्त्याहप्त्याने प्रायश्चित्त घेतायत असं मला वाटायचं. बायका हातात लाह्या घेऊन शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या. ऐकून झालं की हौसाबाई म्हणायच्या, "बरी हाय गोष्ट. आता जरा बाजूला व्हा, पाट मांडू दे." आणि सर बाजूला व्हायचे. पुढे पुढे बायकाच निरोप पाठवायला लागल्या, मास्तर खाली या, कथा राहिलीय. सत्यनारायणाला भटजी लागतो तसे पंचमीला गमरे सर लागायला लागले. हे मी त्यांना बोलून दाखवलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नव्वदचं दशक सरता सरता गाळा वसईकडे गेला आणि सर घरी बसले. विमलनेही पोस्टातून लवकर निवृत्ती घेतली. त्यांनी गावी घर बांधलं होतं. मी विचारलं, गावाबाहेरच्या जुन्या वाडीतच का? "वाडीत नाही," सर म्हणाले, "पाणंदीला लागून. आता तिथे डांबरी रस्ता झालाय. दार रस्त्यावरच उघडतं." सामानात सगळ्यात वर त्यांनी तो खरा झेंडा ठेवला होता, घडी करून. ग्रीसचा डाग तसाच. तो घरावर लावणार होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

निघायच्या सकाळी त्यांनी उरलेला गठ्ठा माझ्या हातात दिला. "वहिनी, पावसाळा सरला की दरवर्षी एक बदला. जुना विरतो."

मी सहज म्हटलं, "खरा एखादा छापून पाठवा की, तो लावू."

"नको," सर म्हणाले. "चुकीचाच लावा." माझ्या पदराचं टोक दोन बोटांत धरलं, चोळलं, म्हणाले, "हे कापड चांगलं आहे." त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

टेम्पो भरेपर्यंत मी म्हटलं त्यांच्यासमोरच नवा लावू. आमच्या ह्यांनी स्टूल धरलं, मी बांधला. पिवळाधमक झेंडा वाऱ्यावर फडकायला लागला, बिल्डिंगमधली चार माणसं टाळ्या वाजवायला लागली. टेम्पो निघाला. विमल पुढे ड्रायव्हरशेजारी, सर मागे कपाटाला टेकून. त्यांनी हात वर केला आणि तो तसाच राहिला. मग ते टेम्पोच्या पत्र्यावर दणादण मारायला लागले. टेम्पो गेटपाशी थांबला. सर उतरले, धोतर सावरत परत आले.

"काय राहिलं?" मी विचारलं.

"भलत्या बाजूने बांधलात, वहिनी. सापाचं तोंड काठीकडे पाहिजे. हा पळून जाताना दिसतोय."

स्वतः स्टुलावर चढले. गाठी सोडल्या, झेंडा फिरवला, पुन्हा बांधला, शेवटची गाठ तालमीतल्यासारखी ओढून पाहिली. फणेवाला, चुकीचा नाग काठीकडे तोंड करून बसला. सरांनी मान हलवली आणि खाली उतरले.

टेम्पोवाला हॉर्न मारत होता, गेट सरळ समोर, आणि मधे गुडघाभर उंचीचा तो चौथरा. त्यावर एक पाय टाकून पलीकडे गेले असते. सर त्याला पूर्ण वळसा घालून, चिखलातून चालत गेले.